चौथा माणूस

दिवाळी सरली की आमच्या पांढरकवड्याच्या रस्त्यांवर कापूस दिसू लागतो. ट्रकांतून सांडलेला, बाभळीच्या काट्यांना अडकलेला, गटारीच्या कडेला मळून राखाडी झालेला. परवा सकाळी दार उघडलं तर ओट्यावर एक पुंजका येऊन पडला होता. नात तो तळहातावर घेऊन फुंकरीनं उडवत बसली. मी आत आले आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. घरचे समजतात म्हातारीला थंडी बाधते. मीही तसंच समजू देते.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षीचा, छप्पन सालचा, हंगाम माझ्या मनातून जात नाही. तेव्हा ट्रक नव्हते. बैलगाड्या यायच्या, पहाटेपासून दुपारपर्यंत, एकामागे एक, जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकापासून पार नाल्याच्या पुलापर्यंत रांग. बैलांच्या घुंगरांचा आवाज इतका सततचा असे, की तो थांबला की लोक मान वर करून पाहत. हवेत रुईचे तंतू तरंगत. पापण्यांवर बसत, भाकरीवर बसत, पाण्याच्या माठावर बांधलेल्या फडक्यावर पांढरी साय धरल्यासारखे दिसत. आणि सगळीकडे सरकीचा तो तेलकट, उबट वास. मी सतरा वर्षांची होते.

माझे बाबा शिंपी. बाजारचौकात त्यांचं दुकान, दुकानात एक मशीन, आणि मशीनमागे पडदा लावून आमचं राहणं. आई मी लहान असतानाच गेली. गावात बाबांना सगळे मास्तर म्हणत, आणि ते काही फक्त शिवणकामामुळे नव्हे. बाबा मनातलं ओळखत. हंगामात बाजाराला माणसं लोटायची तेव्हा बाबा एका स्टुलावर उभे राहत, मी डोळ्यांवर काळी पट्टी बांधून खुर्चीवर बसे, आणि आमचा खेळ चाले. बाभुळगावला, मुकुटबनला, केळापूरच्या जत्रेतही आम्ही खेळ केले होते.

बाबा हे शिकले ते थोडं एका फिरत्या जादूगाराकडून, त्याचा कोट शिवून देताना. बाकी सगळं त्यांना कपड्यांनी शिकवलं. ते म्हणत, माणूस तोंडानं खोटं बोलतो, पण त्याच्या सदऱ्याला ते जमत नाही. उजवा खांदा विरलेला असला तर ओझं वाहणारा. डाव्या बाहीवर शाईचा डाग असला आणि उजव्या बाहीवर नसला, तर डावखुरा कारकून. चोळीच्या शिवणी उसवून पुन्हा घातलेल्या असल्या, तर घरात तान्हं आहे किंवा येणार आहे. छातीचं माप घेताना ते टेप लावून उगाच एखादं वाक्य बोलत. "यंदा पाऊस बरा झाला." "भाऊ कुठं असतात आता?" आणि भाऊ म्हटल्यावर समोरच्याचा श्वास टेपखाली अडला, की बाबांना कळे की भावाशी वाकडं आहे. पुढच्या आठवड्यात तोच माणूस खेळाला आला की बाबा डोळे मिटून म्हणत, "तुमच्या मनात घरातलंच एक माणूस सलतं आहे. रक्ताचं." माणूस पांढरा पडे.

"आपण दहा गोष्टी सांगतो," बाबा मला म्हणत, "त्यातल्या दोन लागतात. लोक घरी जाताना त्या दोनच घेऊन जातात. आठ इथंच टाकून जातात. आपलं पोट त्या विसरण्यावर चालतं."

माझं काम वेगळं होतं. बाबा गर्दीत फिरून कुणाच्याही हातातली वस्तू घेत आणि मला विचारत. ते कसं विचारतात यावरून मला वस्तू कळे. नुसतं "सांग" म्हणाले तर चांदी, "बोल" म्हणाले तर पितळ, "बरं, सांग" म्हणजे सोनं, "हं, आता" म्हणजे कापडाची वस्तू. किल्ली, चष्मा, अडकित्ता, चंची, प्रत्येकीला एक शब्द. हे सगळं आम्ही मशीनच्या आवाजात पाठ केलं. ते पाय मारत, मी गुंड्या लावत असे, आणि शेजाऱ्यांना वाटे बापलेक काहीतरी भांडत आहेत.

शिवाय पट्टी होती. डोळ्यांवर कितीही घट्ट पट्टी बांधा, नाकाच्या दोन्ही बाजूंना ती नीट बसत नाही. मान जराशी वर धरली की त्या फटीतून खालची जमीन दिसते. लोकांचे पाय दिसतात. पायांवरून मला पुष्कळ कळू लागलं होतं. उकिडवा बसलेला माणूस कधी उठायच्या बेतात आहे, कुणाला हसू येतं आहे, कोण भ्यालं आहे.

बाबांचा एक नियम होता. मेलेल्यांचं सांगायचं नाही, दुखण्याचं सांगायचं नाही, आणि चोरीचं तर मुळीच नाही. ते म्हणत, "खेळ खेळाच्या जागी."

आज वाटतं, तो नियम त्यांनी मला सांगितला, पण समजावला नाही. आणि मला दोन वर्षांच्या टाळ्यांनी दुसरंच काही समजावलं होतं. सुरुवातीला मला ठाऊक असे की ही सगळी शब्दांची खूण आहे. पण रोज बायका येऊन पाया पडू लागल्या, पोराला हात लाव म्हणू लागल्या, तेव्हा आत कुठंतरी मला वाटू लागलं की खूण असली तरी माझ्यात काहीतरी आहेच. लोकांना फसवणाऱ्याला सगळ्यात आधी फसायची पाळी येते ती अशी, आणि ती आल्याचं त्याला कळतही नाही.

मार्गशीर्षात एका जिनाच्या मॅनेजरनं निरोप पाठवला. हंगाम भरात होता, कामकऱ्यांची करमणूक म्हणून दुपारी पाळी बदलताना जिनाच्या आवारात खेळ करा. आम्ही गेलो. सरकीच्या ढिगांमधल्या मोकळ्या जागेत दोनशे तरी माणसं बसली होती. बायांच्या केसांत रुई, पुरुषांच्या भुवयांवर रुई. मागं यंत्रांचे पट्टे फिरतच होते. खेळ छान झाला. मी एका पाठोपाठ एक नऊ वस्तू ओळखल्या.

मग मॅनेजर उठला. त्याची बायको चार दिवसांपूर्वी माहेराहून आली होती. सामान उतरवायला जिनातले सहा हमाल लावले होते, आणि तेव्हापासून तिची सोन्याची पोत दिसत नव्हती. त्यानं ते सहाजण पुढं बोलावून रांगेत उभे केले.

"मास्तर," तो म्हणाला, "एवढं मनातलं सांगता, आता हे पण सांगा. कोणी घेतली?"

"साहेब, चोरीचं मी पाहत नाही," बाबा म्हणाले. "खेळ वेगळा, हे वेगळं."

"काहून वेगळं?" गर्दीतून कुणी तरी ओरडलं. "मंग आतालोक सांगितलं थे सारं लबाडीचंच हाय का?"

लोक हसले. लबाडी हा शब्द मला झोंबला. बाबा माझ्याजवळ आले, पट्टी सारखी केल्याचं दाखवून हळूच म्हणाले, "कमल, तू आता एक अक्षर बोलायचं नाही." मग मोठ्यानं म्हणाले, "मी सहाही जणांचे हात पाहतो. पण नाव आज सांगणार नाही. ज्यानं वस्तू घेतली त्यानं उद्या उजाडायच्या आत ती मारुतीच्या पायरीवर ठेवून द्यावी. ठेवली तर कोणी काही विचारणार नाही."

ही त्यांची युक्ती होती. मुकुटबनला एकदा एका सावकाराचं घड्याळ असंच परत आलं होतं. घेणाऱ्याला भीतीही दाखवायची आणि सुटायला वाटही ठेवायची. कुणाला इजा नाही, कुणाचं नाव नाही. आज विचार करते तेव्हा कळतं, की मनकवडेपणाची सारी विद्या त्या एका वाक्यात होती, आणि मला तेवढीच शिकता आली नव्हती.

बाबा रांगेतून चालले. एकेकाचं मनगट धरायचे, क्षणभर थांबायचे, पुढं सरकायचे. मी फटीतून खाली पाहत होते. पहिल्याचे पाय सैल होते. दुसऱ्याच्या एका पायात वहाण नव्हती. तिसरा सारखा अंगठ्यानं माती उकरत होता. चौथ्याचे पाय मात्र थरथरत होते. बोटं जमिनीत रुतवून तो ती थरथर थांबवायला पाहत होता आणि टाचा अजूनच हलत होत्या. टाचांच्या भेगांत रुई भरली होती. बाबा त्याच्यापाशी इतरांपेक्षा जरा जास्त थांबले.

मला वाटलं, बाबांनाही कळलं. आणि मला वाटलं, मला त्यांच्या आधी कळलं.

"चौथा," मी म्हणाले.

माझा आवाज स्वच्छ होता. खेळात होता तसाच, शांत आणि जरासा लांबून आल्यासारखा.

बाबा वळले. "पोरगी चुकली" एवढे दोनच शब्द त्यांना म्हणायचे होते. ते म्हटले असते तर खेळ मोडला असता, लोकांनी दगड मारले असते, आम्हाला गाव सोडावं लागलं असतं. फटीतून मला त्यांचे पाय मॅनेजरकडे वळलेले दिसले, मग लोकांकडे, आणि ते बोलले नाहीत. शब्द माझा होता. गप्प बसणं त्यांचं होतं. पुढं आयुष्यभर आम्ही दोघांनी ते आपसांत कधी वाटून घेतलं नाही.

"मी नाई, मालक," चौथा माणूस म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुमी तं मले पाह्यलं बी नाई."

त्याचं नाव हरसिंग, हे मला नंतर कळलं. केळापूरच्या वाटेवरच्या लमाणांच्या तांड्यातला. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून मुलुख पालथा घातला होता, आणि हा तीन एकर जमीन कसून हंगामात जिनावर बोजे वाहायला येत असे. त्याला कापसाच्या गठाणींच्या गोदामामागं नेलं. आम्हाला मॅनेजरच्या खोलीत बसवून चहा दिला. यंत्रांचे पट्टे इतके जोरात फिरत होते की मागचं काही ऐकू आलं नाही. बाबांनी चहाला हात लावला नाही. मी प्याले. मी तो चहा प्याले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानं काही कबूल केलं नाही, कारण कबूल करण्यासारखं काही नव्हतंच. तिसऱ्या दिवशी त्याला गाडीत घालून तांड्यावर नेऊन टाकलं. लघवीतून रक्त जात होतं म्हणे. नवव्या दिवशी तो गेला. बोजा घेऊन शिडीवरून पडला, असं लिहिलं गेलं. बाजारात लोक म्हणाले, मास्तराच्या पोरीची वाचा खरी. त्या आठवड्यात आमच्या दुकानापुढे रोजच्यापेक्षा जास्त बायका आल्या.

संक्रांतीच्या सुमारास मॅनेजरच्या घरी अंथरुणं उन्हात टाकली. माहेराहून आलेली एक वळकटी तशीच बांधलेली राहिली होती. ती सोडली तर गोधडीच्या घडीत पोत होती. मॅनेजरनं बाबांना घरी बोलावून हे सांगितलं, आणि म्हणाला, "झालं ते झालं. आता कशाला वाढवता, मास्तर?"

बाबा घरी आले आणि मशीनसमोर बसून राहिले. पुढच्या बाजारच्या दिवशी ते भर दुपारी नेहमीच्या स्टुलावर चढले. मला खुर्चीवर बसवलं, पट्टी न बांधता. आणि त्यांनी सगळं सांगितलं. "सांग" म्हणजे काय, "बोल" म्हणजे काय. नाकाजवळच्या फटीतून कसं दिसतं ते पट्टी हातात धरून दाखवलं. पोत घरातच सापडली, हरसिंगनं काही घेतलं नव्हतं, माझ्या मुलीला आणि मला कुणाच्याही मनातलं काही कळत नाही, असं तीन तीनदा सांगितलं. त्यांचा आवाज फाटला होता.

लोकांनी ऐकून घेतलं. मग एक अडत्या हसून म्हणाला, "मास्तर, सिद्धी गेली वाट्टे तुमची!" दुसरा म्हणाला, "पोत सापडली म्हंजे काय? भेवापोटी त्यानंच नेऊन ठेवली असंन." तिसऱ्यानं त्याच्या पुढं जोडलं, "मराच्या आंधी बायकोले सांगितलं असंन, ठेवून ये म्हून." बोलता बोलता गोष्ट तिथंच तयार झाली. ती आमच्या खरेपणाहून जास्त रेखीव होती. संध्याकाळपर्यंत ती बाजारभर झाली. खोटं सांगितलं तेव्हा ज्यांनी एका शब्दावर विश्वास ठेवला, त्यांच्यासमोर खरं सांगताना बाबांना भिकाऱ्यासारखं उभं राहावं लागलं, आणि तरी काही मिळालं नाही.

खेळ बंद झाला. शिवण चालू राहिली. पण त्यानंतर बाबांनी कुणाचं माप अंगावर घेतलं नाही. जुना सदरा आणा, म्हणत. त्यावरून बेतत. मी शिक्षकिणीची परीक्षा दिली आणि गावातल्याच प्राथमिक शाळेत लागले. वर्गात एखादं मूल घाबरून थरथरू लागलं, की मी दुसरीकडे पाहत असे.

अकरा वर्षं गेली. एका हंगामात, मधल्या सुट्टीत, एक लमाण बाई शाळेच्या दाराशी उभी राहिली. डोळ्यांभोवती काळं, हातांत बांगड्या नाहीत. "वळखलं का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "कसं वळखसान. मी सोमली. हरसिंगची."

मला बसायला सांगायचंही सुचलं नाही. तीच पायरीवर बसली. तिची मुलगी सुगनी सोळा वर्षांची झाली होती. बाभुळगावकडच्या एका तांड्यातून मागणी आली होती, आणि आता ते लोक कचरत होते. मुलीचा बाप चोर होता असं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"मी लय सांगितलं. बायकोचं कोन आयकते?" सोमली म्हणाली. "तुमी या. तुमच्याच तोंडानं गेलं थे. तुमीच सांगा."

मी विचारलं, "सोमले, तेव्हा त्याचे पाय एवढे का कापत होते?" हा प्रश्न अकरा वर्षं माझ्या घशात होता. मला तो विचारायचा हक्क नव्हता, तरी विचारला.

"थो लहान होता तवा कुठंबी चोरी झाली का शिपाई आंधी आमच्या तांड्यात ये. बाप्याईले असंच रांगीत उभं करे. त्याच्या बापाले त्याच्यापुढं मारलं होतं. रांगीत उभं केलं का त्याचे पाय तसेच करत. रेशनच्या रांगीत बी करत."

एवढंच होतं ते. भीती मला दिसली होती, आणि ती खरी होती. ती कशाची, हे कुणाच्याही पायांवर लिहिलेलं नसतं. बाबांना हे ठाऊक होतं. म्हणूनच ते चौथ्यापाशी जास्त थांबले होते. त्याला धीर यावा म्हणून त्यांनी मनगट जरा दाबून धरलं होतं, हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

रविवारी सकाळी बाबा आणि मी तांड्यावर गेलो. नायकाच्या घरापुढं चटया टाकल्या होत्या. तांड्याचा नायक, नवऱ्या मुलाचा काका आणि आणखी तिघं पाहुणे बसले होते. सुगनी दाराच्या आत उभी होती. मी उभी राहिले आणि सांगितलं. मी पट्टीखालून पाय पाहिले, मला काही कळत नव्हतं, बाबांनी गप्प बस म्हटलं होतं तरी मी बोलले. पोत गोधडीत सापडली. हरसिंगनं चोरी केली नाही. माझ्या बोलण्यानं तो मेला. वर्गात धडा सांगावा तसं मी ओळीनं सांगितलं, कारण तसं सांगितलं नसतं तर मला सांगताच आलं नसतं.

मुलाचा काका म्हातारा, शांत माणूस होता. त्यानं सगळं ऐकलं. मग विचारलं, "बाई, तवा तुमी दोनशे मानसाईत खोटं बोलल्या. तवाबी असंच बोलल्या असान, उभं राहून, चांगल्या आवाजात. आता खरं बोलून राह्यल्या, हे आमी कशावरून मानाचं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच विचारत होता. मी बाबांकडे पाहिलं. आमच्या दोघांकडे माणसाला पटवण्याच्या जेवढ्या युक्त्या होत्या, त्यातली एकही त्या चटईवर वापरण्यासारखी नव्हती.

"माझ्याकडे काही पुरावा नाही," मी म्हणाले.

पाहुणे उठले. नायकानं थांबवून पाहिलं. ते पाणी न घेता गेले. सुगनीचं लग्न पुढं तीन वर्षांनी झालं, मुकुटबनकडच्या एका बिजवराशी, ज्याला मागचं काही विचारायची गरज नव्हती.

त्या दिवशी आम्हीही निघालो तेव्हा सोमली वाटेत आडवी आली. "जेवून जा."

"सोमले, नको," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फार दिवसांनी निघाल्यासारखा निघाला.

"चार पाव्हन्याईचं रांधलं हाय, मास्तर. फेकू का मी?"

आम्ही तिच्या घरी गेलो. सारवलेल्या जमिनीवर तिनं दोन ताटं मांडली. ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, आणि पाहुण्यांसाठी म्हणून केलेला गुळाचा शिरा. सोमली चुलीपाशी पाठ करून बसली. सुगनीनं वाढलं. बाबा मान खाली घालून जेवत राहिले, एकेक घास पाण्यासोबत उतरवत. सुगनीनं मला दोनदा विचारलं, आणखी वाढू का. मी दोन्ही वेळा ताट पुढं केलं.